दहा-एक, अकरा-एक, सात-एक

मंडळी, वरचे आकडे पाढ्यातले नाहीत. भारताच्या फुटबॉल संघाच्या तीन सामन्यांचे आहेत. पहिला हेलसिंकी, १५ जुलै १९५२. दुसरा मॉस्को, १६ सप्टेंबर १९५५. तिसरा सिडनी, १२ डिसेंबर १९५६. पहिल्या दोन्हींमधला 'एक' आपला. तिसऱ्यातले सात आपले आणि एक ऑस्ट्रेलियाचा.

पहिल्या सामन्याबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. 'मैदान' सिनेमा (२०२४) आल्यापासून तर जास्तच. दुसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. आणि मला आज दुसऱ्याबद्दलच बोलायचं आहे.

आता धाराशिवच्या माणसाला फुटबॉलचं काय, असं कुणीही विचारेल. बरोबरच आहे. आमचा जिल्हा खो-खोचा. सारिका काळे आमच्या इथली, तिच्या कप्तानीखाली भारताच्या मुलींनी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेतलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉल आमच्याकडे म्हणजे खो-खो आणि क्रिकेटमधून उरलेल्या पोरांचा खेळ. माझा भाचा त्या उरलेल्यांपैकी. त्याच्या कॉलेजचा संघ मध्यंतरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आठ-शून्यने हरून आला. फोनवर म्हणाला, "मामा, त्यांच्याकडे हिरवळ आहे, आपल्याकडे मुरूम आहे. त्यांच्याकडे बूट आहेत. आपलं काय होणार? पोरं म्हणतायत संघच बंद करू."

बुटांचा उल्लेख आला आणि मला हेलसिंकी आठवलं. त्याला जे सांगितलं तेच जरा नीट मांडतोय.

हेलसिंकीची गोष्ट आपल्याकडे अशी सांगतात: आपली पोरं गरीब, अनवाणी खेळली, समोर बुटांतले गोरे, म्हणून दहा गोल खाल्ले. मग महासंघाने बूट सक्तीचे केले आणि चार वर्षांत आपण ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत. गोष्ट ऐकायला छान आहे. रोग सापडला, औषध दिलं, रोगी बरा. पण ती खरी असती तर मॉस्को घडलंच नसतं.

आधी हेलसिंकीच पाहू. भारत तिथे गेला तो काही कच्चा संघ म्हणून नाही. सव्वा वर्षापूर्वी, मार्च १९५१ मध्ये, दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० हरवून सुवर्ण घेतलेलं. मेवालालचा गोल. म्हणजे आशियाचे विजेते. शैलेन मन्ना कप्तान, सय्यद अब्दुल रहीम प्रशिक्षक. प्राथमिक फेरीत गाठ पडली युगोस्लाव्हियाशी. मध्यंतराला ५-० आणि शेवटी १०-१. एकट्या झेबेकने चार मारले. आपला गोल अहमद खानचा, सामना संपता संपता.

जुलै असला तरी फिनलंड. बरेचसे भारतीय खेळाडू अनवाणी. ओल्या, गार मैदानावर त्याचा त्रास झाला हे खरंच. पण त्याच अनवाणी पायांनी चार वर्षं आधी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, आपण फ्रान्सला घाम फोडला होता. तो सामना २-१ असा गेला, फ्रान्सचा विजयी गोल अगदी शेवटी आला आणि आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या होत्या. तेव्हाही बहुतेक जण अनवाणीच होते. मग १९४८ मध्ये चाललेले पाय १९५२ मध्ये कसे चालले नाहीत?

कारण समोर कोण होतं ते पाहायला हवं. युगोस्लाव्हियाचा तो संघ रौप्यपदक घेऊन घरी गेला. आपल्यानंतर त्यांनी सोव्हिएत संघाविरुद्ध ५-१ अशी आघाडी घेतली होती (सोव्हिएतांनी ती फेडून ५-५ केलं तो भाग वेगळा, पुन्हा खेळवलेल्या सामन्यात युगोस्लाव्हियाच जिंकला). अंतिम सामन्यात त्यांना हरवायला पुश्काशचा हंगेरी लागला. त्या उन्हाळ्यात त्यांच्यासमोर आशियातला कोणताही संघ उभा केला असता तरी फार वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही.

आणि दुसरं, आपल्याकडचे सामने तेव्हा नव्वद मिनिटांचे नसत, त्याहून छोटे असत. आपण खेळत होतो ती दोन बॅकची जुनी विलायती रचना, जी युरोपने कधीच मागे टाकली होती. पाच जण पुढे, तीन मध्ये, दोन मागे. समोरचा संघ चेंडू पटापट फिरवणारा असेल तर मागच्या दोघांची गत घोळक्यात सापडलेल्या माणसासारखी व्हायची. पायात बूट घालून हा प्रश्न सुटत नाही.

(जाता जाता: १९५० च्या विश्वचषकात अनवाणी खेळू देत नाहीत म्हणून भारत गेला नाही, ही कथाही याच पठडीतली. भारताने माघार घेतली हे खरं. पण बुटांचं कारण खरं नव्हतं असं खुद्द मन्नांनीच पुढे मुलाखतीत सांगितलं. विश्वचषकाची महती आपल्या महासंघाला तेव्हा वाटत नव्हती, त्यांच्या लेखी ऑलिंपिक मोठं. बुटांची कथा मात्र चिकटून बसली. गरिबीचं कारण दिलं की पुढे कुणी काही विचारत नाही.)

आता रहीम. इथे माझ्या जिल्ह्याचा संबंध येतो, आणि तो थोडा अवघड आहे.

आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाचा. उस्मानाबाद हे नाव ज्या मीर उस्मान अलीचं, त्याच्याच नावाचं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ, १९१८ चं. मराठवाड्यातल्या ज्या मुलांना पदवी घ्यायची असे त्यांना बरेचदा तिकडेच जावं लागे, औरंगाबादला आपलं विद्यापीठ १९५८ मध्ये आलं. सय्यद अब्दुल रहीम हे त्याच उस्मानियाचे. विद्यापीठाच्या संघातून खेळले, विद्यार्थ्यांच्याच 'इलेव्हन हंटर्स' या संघातून खेळले, आणि मग शाळामास्तर झाले. हैदराबादच्या वेगवेगळ्या शाळांत शिकवत. म्हणजे भारताच्या फुटबॉलचा सगळ्यात मोठा प्रशिक्षक हा मुळात एक कॉलेजच्या संघातला खेळाडू आणि शाळेतला गुरुजी. भाच्याला हे ऐकून जरा बरं वाटलं.

रहीम १९५० पासून घडवत होते तो संघ कोणता? हैदराबाद सिटी पोलीस. आमच्या घरात निजामाच्या पोलिसांचं नाव काढलं की आजी गप्प व्हायची. रझाकारांचे दिवस तिने पाहिलेले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरलं आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. नळदुर्ग आमच्याच जिल्ह्यातलं. चार दिवसांत सगळं संपलं, १७ सप्टेंबर, जो आपण मुक्तिदिन म्हणून पाळतो. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी 'हैदराबाद पोलीस' याच नावाचा संघ मुंबईत जाऊन रोव्हर्स कप जिंकतो. एकदा नाही, लागोपाठ पाच वेळा, १९५० ते १९५४. मुंबईची माणसं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतात.

मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याचा विचार करत बसलो होतो. तेच नाव. आमच्याकडे त्याची दहशत आणि मुंबईच्या कूपरेजवर त्याचं कौतुक, मध्ये फक्त दोन वर्षं. अर्थात नाव एक असलं तरी माणसं एक नव्हती, फुटबॉलच्या पोरांनी कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं. पण आजीला हे सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.

असो. हेलसिंकीनंतर काय झालं?

बूट आले. महासंघाने ते सक्तीचे केले आणि बरं झालं. पण रहीम यांचं काम बुटांच्या आत होतं. ज्या पायाने चांगला खेळता त्या पायाला बंदी, फक्त दुसऱ्याच पायाने खेळायचं, अशा स्पर्धा ते हैदराबादेत भरवत. चेंडू अडवून धरायचा नाही, आला की लगेच द्यायचा, हा त्यांचा आग्रह. ड्रिब्लिंगवर जीव टाकणाऱ्या आपल्या लोकांना हे किती जड गेलं असेल! आपल्याकडे एकट्याने चौघांना चकवणारा तो खरा खेळाडू, पास देणारा तो भित्रा, अशीच समजूत. अजूनही आहे.

शिवाय हंगेरीने नोव्हेंबर १९५३ मध्ये इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ लोळवलं ते एका फॉरवर्डला मुद्दाम मागे ठेवून. हैदराबादचा हा मास्तर असल्या गोष्टी बारकाईने पाहत होता. मेलबर्नला त्याने जी रचना वापरली ती चार-दोन-चारच्या वळणाची होती आणि ब्राझीलने १९५८ मध्ये ती जगभर पोचवायच्या आधीची होती, असं भारतीय फुटबॉलचे अभ्यासक लिहितात.

पण हे सगळं सरळ रेषेत वर गेलं नाही. उलट.

१९५४ मध्ये मनिलाच्या आशियाई स्पर्धेत आशियाचे विजेते म्हणून आपण गेलो आणि इंडोनेशियाकडून ४-० मार खाऊन गटातच बाद झालो. हेलसिंकीनंतर दोन वर्षांनी. आणि मग मॉस्को.

१६ सप्टेंबर १९५५. सोव्हिएत संघ ११, भारत १. हेलसिंकीपेक्षाही मोठी हार. भारताच्या इतिहासातली सगळ्यात मोठी हार म्हणून आजही तीच नोंदली जाते. आणि हा पराभव बूट सक्तीचे केल्यानंतरचा.

या सामन्याची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखी गोष्टच त्यात नाही. हेलसिंकीत निदान अनवाणी पाय आहेत, थंडी आहे, बिचारेपणा आहे. मॉस्कोत काही नाही. तीन वर्षं मेहनत केली, चुका सुधारल्या, आणि तरीही आधीपेक्षा एक गोल जास्तच खाल्ला. समोरचे पुढच्याच वर्षीचे ऑलिंपिक विजेते होते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या संध्याकाळी कुठे ठाऊक होतं?

मला विचाराल तर सावरणं म्हणतात ते हेलसिंकीनंतर नाही, मॉस्कोनंतर झालं. पहिल्या मोठ्या हारेनंतर माणूस सावरतो, कारण त्याला कारण सापडतं. दुसऱ्या वेळी कारण वापरून संपलेलं असतं. महासंघाला तेव्हा सगळा डाव मोडता आला असता. परदेशी संघांशी खेळणंच नको, आपलं आपलं खेळू, असंही म्हणता आलं असतं. तसं झालं नाही. तीनच महिन्यांनी, डिसेंबर १९५५ मध्ये, ढाक्याला भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन यांची चौरंगी स्पर्धा होती. आपण गेलो, जिंकलो. ही स्पर्धा १९५२ पासून चार वेळा झाली आणि चारही वेळा आपण अजिंक्य (पहिल्या वेळी पाकिस्तानबरोबर विभागून). युरोपवाल्यांपुढे आपण कुठे आहोत ते कळलं होतं, शेजाऱ्यांत कुठे आहोत तेही कळत होतं. दोन्ही खरं होतं.

आता १९५६ चा नोव्हेंबर. एक तारखेला राज्यांची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य संपलं, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. उस्मानाबाद जिल्हा रात्री झोपला हैदराबादचा म्हणून आणि सकाळी उठला मुंबईचा म्हणून. आणि बरोबर एक महिन्याने, एक डिसेंबरला, मेलबर्नमध्ये हैदराबादच्या मास्तरने तयार केलेला संघ मुंबईच्या पोराच्या गोलांवर ऑस्ट्रेलियाला हरवून ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेला. योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण आमच्यासारख्या दोन्हीकडच्या लोकांना असा योगायोग आवडतो. :)

तो पोरगा म्हणजे नेव्हिल डिसूझा. गोव्याचं घराणं, खेळायचा मुंबईत, टाटा आणि कॅल्टेक्ससाठी. हंगेरीत त्या वर्षी उठाव चिरडला गेला, हंगेरीचा संघ आलाच नाही आणि आपल्याला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. म्हणून आपला पहिलाच सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी. मध्यंतराला २-२. शेवटी ४-२. नेव्हिलचे तीन, चौथा किट्टूचा. ऑलिंपिकमध्ये फुटबॉलची हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत गेलेला पहिला आशियाई देशही आपणच.

आणि उपांत्य फेरीत समोर कोण? युगोस्लाव्हिया.

चार डिसेंबर. मध्यंतराला ०-०. ज्या देशाने चार वर्षांपूर्वी मध्यंतरापर्यंत पाच मारले होते त्यांना पाऊण तासात एकही मारता आला नाही. दुसऱ्या डावात नेव्हिलने गोल केला आणि भारत १-० पुढे. पुढे, युगोस्लाव्हियाच्या पुढे! नूर मोहम्मद हेलसिंकीतही होता आणि मेलबर्नच्या संघातही. त्याला त्या क्षणी काय वाटलं असेल याची मी पुष्कळदा कल्पना करतो.

ती आघाडी दोनेक मिनिटं टिकली. मग त्यांनी बरोबरी केली, मग दुसरा, तिसरा, आणि चौथा आपल्याच सलामच्या पायाला लागून. ४-१. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० हरवलं. चौथा क्रमांक. पदक नाही. नेव्हिलचे चार गोल, स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक.

दहा-एकचं चार-एक झालं, एवढंच. कुणाला हे थोडं वाटेल. मला नाही वाटत. नऊ गोलांच्या फरकातले सहा गोल भरून काढायला त्या लोकांना चार वर्षं आणि मधली दोन लाजिरवाणी मैदानं लागली.

मग सिडनी. ऑस्ट्रेलियनांना आपली हार पचली नव्हती, पुन्हा एक मैत्रीचा सामना झाला. १२ डिसेंबर १९५६. भारत ७, ऑस्ट्रेलिया १. मॉस्कोला पंधरा महिनेही झाले नव्हते. भारताच्या सगळ्यात मोठ्या पराभवात आणि सगळ्यात मोठ्या विजयांपैकी एकात एवढंच अंतर आहे. दोन्ही सामन्यांत पायात बूट होते!

यानंतर काय झालं ते थोडक्यात. १९६० मध्ये रोमला आपण हंगेरीशी २-१ हरलो, फ्रान्सशी १-१ बरोबरी केली. पेरूकडून हरलो आणि परतलो. ते आपलं शेवटचं ऑलिंपिक. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी २-० हरलो. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. तिथले प्रेक्षक भारतावर चिडलेले, कारण इस्रायल आणि तैवानला स्पर्धेपासून दूर ठेवण्यावर भारताच्या जी. डी. सोंधींनी आक्षेप घेतला होता. थायलंडविरुद्ध जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. रहीम यांनी या बॅकला अंतिम सामन्यात पुढे फॉरवर्ड म्हणून उभं केलं. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. पी. के. बॅनर्जीने पहिला मारला, दुसरा जर्नेलने, त्याच टाके पडलेल्या डोक्याने. २-१. सुवर्ण. आपला गोव्याचा आणि टाटांचा फोर्च्युनातो फ्रँको त्या संघात होता, २०२१ मध्ये तो गेला.

रहीम यांना पुढचं वर्षही पुरतं मिळालं नाही. ११ जून १९६३ ला ते गेले, वय त्रेपन्न.

भाच्याने सगळं ऐकून एकच विचारलं, "मामा, ते दुसऱ्या पायाने खेळायचं, ते किती दिवस करायचे?" मला माहीत नव्हतं. सध्या त्यांच्या मुरमाच्या मैदानावर संध्याकाळी पाचनंतर उजव्या पायाला बंदी आहे. पुढची स्पर्धा दिवाळीनंतर. संघ अजून बंद झालेला नाही.